भूत पकडण्याची नोकरी

‘घोस्टबस्टर्स’ या १९८४ सालच्या अमेरिकी चित्रपटाचा विषय निघाला की बहुतेकांना आधी त्याचे गाणे आठवते, किंवा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून इमारतींच्या उंचीचा चालत येणारा तो गुबगुबीत मार्शमॅलो-पुरुष. मला मात्र आधी आठवते ते बिल. सेजविक नावाच्या उंची हॉटेलात एक हिरवे, हावरट भूत पकडताना आपल्या तिन्ही नायकांनी मेजवानीच्या दालनाची पार वाट लावलेली असते. तिथून धूर निघणारा सापळा हातात घेऊन ते बाहेर येतात आणि पीटर व्हेंकमन हॉटेलच्या व्यवस्थापकाला अगदी सहजपणे हिशेब सांगतो: भूत पकडण्याचे चार हजार डॉलर, आणि ते साठवून ठेवण्याचे, या आठवड्यात सवलत चालू असल्यामुळे, फक्त एक हजार. एवढी रक्कम मी देणार नाही, असे व्यवस्थापक म्हणतो. काही हरकत नाही, आम्ही त्याला परत आत सोडून देतो, असे उत्तर मिळते. पैसे वसूल होतात.

या चित्रपटाला चार दशके उलटून गेली असून त्याच्या नावावर आज पाच चित्रपट, कार्टून मालिका, खेळणी, व्हिडिओ गेम आणि जगभर पसरलेला चाहत्यांचा संप्रदाय जमा आहे. हे सारे कशाच्या बळावर टिकले, याचे उत्तर माझ्या मते त्या बिलात आहे. भुताटकी हा एक धंदा आहे, त्याला गणवेश आहे, अवजारे आहेत, गाडी आहे, दूरध्वनीवर बसणारी एक वैतागलेली कर्मचारी आहे आणि काम झाल्यावर पावती फाडली जाते, ही कल्पना या चित्रपटाने इतक्या नेटाने शेवटपर्यंत नेली की प्रेक्षकाला नायकाकडे पाहून ‘असे आपल्याला कुठे जमणार’ असे वाटण्याऐवजी ‘ही नोकरी मलाही करता येईल’ असे वाटू लागले.

भुताचा विनोदी चित्रपट ही काही १९८४ ची नवलाई नव्हती. बॉब होप, अ‍ॅबट आणि कॉस्टेलो यांच्यासारख्या नटांनी १९४० च्या आसपासच तो प्रकार हॉलिवुडमध्ये रुळवला होता. त्या चित्रपटांतील विनोद मुख्यतः घाबरण्याचा असे: डोळे पांढरे करणे, बोबडी वळणे, दारावर आपटून पळत सुटणे. ‘घोस्टबस्टर्स’मध्येही असे पळणे आहे, पण ते सुरुवातीच्या ग्रंथालयाच्या प्रसंगात, म्हणजे हे तिघे विद्यापीठातले संशोधक असताना. एकदा दुकान थाटले, की भीतीची जागा कामाचा कंटाळा घेतो. हॉटेलच्या लिफ्टपाशी उभा असलेला एक गृहस्थ त्यांचा अवतार पाहून तुम्ही कोण म्हणून विचारतो, तेव्हा ते सांगतात की आम्ही कीटकनाशक फवारणारे आहोत, बाराव्या मजल्यावर कुणाला तरी झुरळ दिसले आहे. ती थाप आहे खरी, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव थापेबाजाचा नसून फवारणीवाल्याचाच आहे.

गंमत अशी की ही कल्पना ज्या नट-लेखकाला सुचली त्याची भुतांवर मनापासून श्रद्धा होती. डॅन अ‍ॅक्रॉइड यांचे पणजोबा कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात दंतवैद्य होते आणि आपल्या घरी प्लँचेटच्या बैठका भरवत असत. वडिलांनी तर पुढे या विषयावर पुस्तकच लिहिले. अ‍ॅक्रॉइड यांच्या पहिल्या आराखड्यात भविष्यकाळ होता, निरनिराळ्या मिती होत्या आणि आगीचे बंब असावेत तशा भूत पकडणाऱ्यांच्या अनेक टोळ्या होत्या. त्यातली एक प्रमुख भूमिका त्यांनी मित्र जॉन बेलुशी यांच्यासाठी मनात धरली होती. मार्च १९८२ मध्ये बेलुशी वारले. दिग्दर्शक आयव्हन राइटमन यांनी तो अवाढव्य पसारा पाहून, हे सारे आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणा आणि ही मंडळी धंद्यात कशी पडली तेही दाखवा, असा आग्रह धरला. हॅरॉल्ड रेमिस लेखनात सामील झाले आणि १९८३ च्या उन्हाळ्यात तिघांनी मिळून पटकथा नव्याने उभी केली. पुढच्या ८ जूनला चित्रपट पडद्यावर आला. श्रद्धाळू माणसाने भुतांची सविस्तर माहिती पुरवायची आणि संशयी माणसाने तिला व्यवहाराच्या चौकटीत बसवायचे, या वाटणीमुळेच चित्रपटातली परिभाषा इतकी खात्रीची वाटते. एक्टोप्लाझमपासून भुतांच्या वर्गवारीपर्यंतचे शब्द तिघांपैकी एक असलेल्या रे स्टँट्झच्या तोंडून येतात तेव्हा ते एखाद्या मुरलेल्या मेकॅनिकने सुट्या भागांची नावे घ्यावीत तसे येतात.

विद्यापीठातून हकालपट्टी झाल्यावर रे व्हेंकमनला जे ऐकवतो, ते मला संपूर्ण मालिकेतले सर्वांत खरे वाक्य वाटते. तू कधी विद्यापीठाच्या बाहेर पडलेला नाहीस, असे तो म्हणतो. मी खासगी क्षेत्रात काम केले आहे, तिथे काम करून दाखवावे लागते. त्यानंतर लगेच भांडवलाचा प्रश्न येतो. रे आपले वडिलोपार्जित घर गहाण टाकतो, तेही एकोणीस टक्के व्याजाने, आणि पहिल्या पाच वर्षांचे नुसते व्याजच किती होईल याचा आकडा तिसरा सोबती इगॉन स्पेंग्लर तिथेच सांगून टाकतो. हा दर लेखकांनी गमतीखातर फुगवलेला नव्हता. अमेरिकेत गृहकर्जाचे दर १९८१ मध्ये खरोखरच अठरा टक्क्यांच्या वर गेले होते आणि त्या विनोदावर हसणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेकांच्या डोक्यावर तसलेच कर्ज असणार. शहराची निवडही त्याच पठडीतली आहे. १९७५ च्या आर्थिक संकटातून न्यूयॉर्क तेव्हा नुकते सावरत होते. जुन्या, पडीक बंबखान्यात नवे दुकान थाटणारे तीन बेकार प्राध्यापक ही त्या शहराची अगदी ओळखीची मूर्ती होती.

याच कारणाने पुष्कळ अभ्यासकांनी या चित्रपटाला उद्योगधंद्यांची बाजू घेणारे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्या काळाचे अपत्य म्हटले आहे. उद्योजक नायक आहेत आणि पर्यावरण संरक्षण संस्थेचा अधिकारी वॉल्टर पेक खलनायक आहे. सरकारी हुकमाने भुते साठवणाऱ्या यंत्रणेची वीज तोडली जाते आणि शहरावर संकट कोसळते. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तळघरात विनापरवाना यंत्रणा आणि पाठीवर अणुशक्तीवर चालणारे यंत्र घेऊन गर्दीच्या शहरात फिरणाऱ्या लोकांची तपासणी करावी असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले? दोष त्याच्या प्रश्नात नसून उर्मटपणात आहे, आणि विल्यम अ‍ॅथर्टन यांनी तो उर्मटपणा इतका चोख वठवला की प्रश्न कुणाच्या लक्षातच राहिला नाही. शिवाय शेवटी शहर वाचते ते महापौरांनी, पोलिसांनी आणि लष्कराने वाट मोकळी करून दिल्यावर. म्हणजे खासगी कंत्राटदाराला सरकारी आशीर्वाद लागतोच.

चौथा माणूस मात्र या सगळ्या वादांच्या बाहेर उभा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच या वारशाचा कणा आहे. विन्स्टन झेडमोर चित्रपटात येतो तोवर निम्मी गोष्ट संपत आलेली असते. काम वाढले आहे, माणूस हवा आहे, म्हणून तो नोकरीच्या चौकशीला आला आहे. दूरध्वनीवर बसणारी जनीन मेल्निट्झ त्याला एका दमात विचारते की उडत्या तबकड्या, परचित्तज्ञान, भुतांची छायाचित्रे, लॉक नेसचा राक्षस, बुडालेले अटलांटिस यांवर तुमचा विश्वास आहे का. दरमहा पगार मिळणार असेल तर तुम्ही म्हणाल त्यावर विश्वास ठेवीन, असे तो सांगतो. पदवी नाही, पूर्वपीठिका नाही, दैवी संकेत नाही. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या हातात सापळे ठेवले जातात. निवडलेल्या वीराची, रक्तात वाहणाऱ्या सामर्थ्याची, भविष्यवाणीची जी सवय अमेरिकी लोकप्रिय कथांना आहे, तिला इतक्या कमी शब्दांत कुणी उत्तर दिले असेल असे मला वाटत नाही.

या विन्स्टनशी चित्रपट-उद्योगाने जे केले तेही याच इतिहासाचा भाग आहे. विन्स्टन साकारणारे एर्नी हडसन यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की त्यांनी वाचलेल्या मूळ संहितेत ही भूमिका बरीच मोठी होती आणि सुरुवातीलाच येत होती. चित्रीकरणाच्या तोंडावर आलेल्या संहितेत ती आखडून गेली होती. त्यानंतर कार्टून मालिका निघाली, तेव्हा आपल्याच पात्राच्या आवाजासाठी हडसन चाचणी द्यायला गेले आणि ते काम आर्सेनियो हॉल यांना मिळाले. २०१७ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या दुसऱ्या हंगामात चार मुले १९८४ च्या हॅलोविनला याच वेशात शाळेत येतात आणि त्यांतल्या दोघांत, व्हेंकमन कोण आणि विन्स्टन कोण, यावरून जुंपते, एकट्या कृष्णवर्णीय मुलाने विन्स्टन व्हावे हे बाकीच्यांनी गृहीतच धरलेले असते. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाने जे आडबाजूला ठेवले होते, ते त्या छोट्या भांडणाने नेमके पुढे ओढून आणले.

कार्टूनच्या नावाचीही एक कथा आहे. ‘द घोस्ट बस्टर्स’ नावाची एक दूरचित्रवाणी मालिका फिल्मेशन या कंपनीने १९७५ मध्येच काढली होती, त्यामुळे चित्रपटासाठी ते नाव वापरण्याची परवानगी कोलंबिया पिक्चर्सला घ्यावी लागली. चित्रपट चालल्यावर फिल्मेशनने आपली जुनी मालिका कार्टूनच्या रूपाने पुन्हा बाजारात आणली, म्हणून चित्रपटावरून १९८६ मध्ये सुरू झालेल्या कार्टूनला, ‘द रिअल घोस्टबस्टर्स’ला, आपण ‘खरे’ असल्याचे नावातच सांगावे लागले. हे खरे कार्टून १९९१ पर्यंत चालले आणि एका पिढीला या पात्रांची ओळख मूळ चित्रपटाच्या आधी त्यातूनच झाली. त्याच्या सुरुवातीच्या भागांतले लेखन शनिवारी सकाळी लागणाऱ्या मुलांच्या कार्टूनच्या मानाने चांगलेच धीट आहे. हॉटेलातले ते हिरवे भूत इथे स्लाइमर या नावाने घरात पाळले गेले, पुढे मालिकेच्या शीर्षकात जाऊन बसले आणि हाय-सी कंपनीच्या हिरव्यागार फळपेयाच्या डब्यावर मालिका बंद पडल्यानंतरही कित्येक वर्षे टिकून राहिले. केनर कंपनीने बंबखान्याचे जे खेळणे काढले, त्यात छपरावरून चिकट द्रव ओतला की तो जाळीतून मजल्यामजल्याने खाली गळत असे. पालकांनी ते विकत घेऊन घरात येऊ दिले, याचे मला अजूनही नवल वाटते.

खेळण्यांचा मुद्दा किरकोळ नाही, कारण या मालिकेची खरी श्रीमंती तिच्या वस्तूंत आहे. लाल वर्तुळात अडकलेल्या भुताचे चिन्ह कोणतीही भाषा न येणाऱ्यालाही समजते. ते रहदारीच्या फलकाचेच व्याकरण आहे. गाडी म्हणजे १९५९ ची कॅडिलॅक, मिलर-मीटिऑर कंपनीने शववाहिका-रुग्णवाहिका म्हणून बांधलेली, रे ती मोडकळीला आलेल्या अवस्थेत विकत आणतो आणि तिच्यात काय काय दुरुस्त करावे लागेल याची लांबलचक यादी वाचून दाखवतो. आणि भूत पकडायचे ते पाठीवरचे यंत्र, प्रोटॉन पॅक. तो जवळून पाहावा असा आहे. सैनिकांच्या पाठपिशवीची धातूची चौकट, तिच्यावर काळे कवच, खालच्या गोल भागात आळीपाळीने पेटणारे चार लाल दिवे, वरच्या बाजूला चढत जाणारी निळी पट्टी, आणि मधे रिबनसारख्या पसरलेल्या तारा, हवेच्या नळ्यांचे जोड, रेझिस्टर आणि इशाऱ्याच्या चिकटपट्ट्या. त्यात कुठेही गुळगुळीतपणा नाही. कुणीतरी गॅरेजमध्ये बसून, मिळतील ते भाग जोडून केलेले यंत्र असे ते दिसते, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये बसून ते पुन्हा बनवावेसे वाटते. चाहते खरोखर तसे करतात. मूळ वस्तूवर कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह होता, कोणता रेझिस्टर होता, याचा शोध घेत ते जुन्या औद्योगिक मालाच्या दुकानांत फिरतात.

त्यांच्या वेशातली एक बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. छातीवरच्या पट्टीवर स्पेंग्लर किंवा व्हेंकमन असलेच पाहिजे, असे नसते. बरेच चाहते तिथे स्वतःचे आडनाव शिवून घेतात. बॅटमॅनचा पोशाख चढवणाऱ्याला थोडा वेळ स्वतःला विसरून दुसरे कुणीतरी व्हावे लागते. या खाकी-करड्या डगल्यात मात्र माणूस आपल्याच नावाने कामावर रुजू होतो. शहरोशहरी असे गट आहेत, प्रत्येकाने चिन्हातल्या भुताला आपापल्या गावची टोपी, झेंडा किंवा प्राणी चिकटवला आहे, आणि स्वतःला ते ‘फ्रँचायझी’ म्हणवतात. रुग्णालयांतल्या मुलांना भेटणे, मिरवणुकांत गाडी नेणे, देणग्या गोळा करणे असली कामे ते बिनपगारी करतात. मूळ चित्रपटात घर गहाण टाकून हबकलेल्या रेला धीर देताना व्हेंकमन म्हणतो की नुसत्या फ्रँचायझीच्या हक्कांवर आपण स्वप्नातही पाहिले नसेल इतके श्रीमंत होऊ. शाखा निघाल्या, फक्त हक्काचे पैसे कुणी मागितले नाहीत.

न्यूयॉर्कमधला बंबखाना हा या साऱ्याचा तीर्थक्षेत्रासारखा पत्ता आहे: मॅनहॅटनच्या ट्रायबेका भागातले १४ नॉर्थ मूर स्ट्रीट, हुक अँड लॅडर कंपनी ८. पडद्यावर दिसते ते त्याचे बाह्यरूप. आतले प्रसंग लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या बंबखान्यात चित्रित झाले. चित्रपटातला बंबखाना पडीक असला तरी हा मात्र चालू आहे, तिथून बंब निघतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तिथला एक अधिकारी कामी आला. २०११ मध्ये खर्चकपातीच्या यादीत त्याचे नाव आले, तेव्हा रहिवाशांबरोबर चाहत्यांनीही आवाज उठवला आणि तो वाचला. २०१४ च्या फेब्रुवारीत इगॉनची भूमिका करणारे हॅरॉल्ड रेमिस वारले, तेव्हा त्याच्या दारात फुलांबरोबर ट्विंकी केक ठेवले गेले. शहरातल्या अतिमानुष ऊर्जेचे प्रमाण समजावून सांगताना इगॉन त्याच केकचे उदाहरण देतो. काल्पनिक कचेरीच्या दारात खऱ्या माणसाचे सुतक पाळले गेले आणि आतले खरे जवान आपले काम करत राहिले.

पुढच्या चित्रपटांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. १९८९ चा दुसरा भाग पहिल्याचीच उजळणी करतो, पण त्याची सुरुवात मला आवडते: शहर वाचवणाऱ्यांवर खटले भरले गेले आहेत, धंदा बुडाला आहे आणि दोघे मुलांच्या वाढदिवसांना गाणी म्हणून पोट भरत आहेत. २०१६ च्या चित्रपटात पॉल फीग यांनी चारही जागांवर स्त्रिया आणल्या, आणि तो प्रदर्शित होण्याआधीपासून समाजमाध्यमांवर जो गदारोळ माजत गेला, त्यात चौघींपैकी एक असलेल्या लेस्ली जोन्स यांच्यावर प्रदर्शनानंतर झालेली वर्णद्वेषी चिखलफेक सर्वांत ओंगळ होती. चित्रपट म्हणून तो सैल आहे, विनोद लांबतात, हे मान्य. पण कुणालाही करता येईल अशा नोकरीची जाहिरात तीस वर्षे छातीवर मिरवलेल्या लोकांनी चार स्त्रिया मुलाखतीला येताच दार लावून घ्यावे, हे त्या चित्रपटाच्या दोषांपेक्षा कितीतरी मोठे अपयश होते.

२०२१ च्या ‘आफ्टरलाइफ’चे कौतुक झाले आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. आयव्हन राइटमन यांचे चिरंजीव जेसन राइटमन यांनी तो दिग्दर्शित केला. इगॉनची नात फीबी ओक्लाहोमातल्या एका शेतघरात आजोबांची अवजारे शोधून काढते. मुलगी छान आहे, कोठारातून बाहेर पडणारी गाडी पाहून अंगावर काटा येतो, हेही खरे. पण धूळ झटकून उचललेला प्रत्येक सापळा इथे पूजेतल्या वस्तूसारखा दाखवला जातो, आणि जे काम पगारावर आलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात मिळाले होते ते आता वंशपरंपरेने मिळते. शेवटी संगणकाच्या मदतीने रेमिस यांचे भूत उभे केले जाते. ज्या मालिकेत भूत ही साठवण-शुल्क आकारण्याची वस्तू होती, तिथे भूत पाहून प्रेक्षकाने डोळे पुसावेत अशी अपेक्षा केली जाते.

म्हणूनच २०२४ च्या ‘फ्रोझन एम्पायर’कडे मी थोड्या आशेने पाहिले. मंडळी न्यूयॉर्कला, त्याच बंबखान्यात परत आली आहेत. वॉल्टर पेक आता महापौर झाला आहे. फीबी अल्पवयीन असल्यामुळे तिला कामावरून दूर केले जाते, म्हणजे इतक्या वर्षांनी या दुकानात कामगार कायदा पोहोचला. आणि सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तळघरातला तो साठवण-कक्ष चाळीस वर्षांच्या वापराने भरत आला आहे, जुना झाला आहे, कुरकुर करू लागला आहे. पकडलेल्या प्रत्येक भुताचे साठवणीचे हजार डॉलर घेतले, पण ती साठवण किती काळ आणि कुणाच्या जोखमीवर, हा पेकने १९८४ मध्ये विचारलेला प्रश्न अखेर पटकथेच्या मध्यभागी येऊन बसतो. त्यावरच पुढचा दीड तास काढायला हवा होता. लेखकांनी त्याऐवजी एक शिंगवाला बर्फाचा राक्षस आणला, शहर गोठवले, पात्रांची इतकी गर्दी केली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार वाक्ये आली, आणि भरलेल्या तळघराचा विषय निकडीचा असूनही त्या राक्षसाच्या पाठीमागे ढकलून दिला.